धुरा पेटवण्याआधी गंजीकडे पाहा

माघ सरत आला की आपल्या वऱ्हाडातली वावरे मोकळी होऊ लागतात. कापसाची शेवटची वेचणी उरकते, तुरीची मळणी होते, हरभरा घरात येतो. वावर मोकळे होते, पण घराभोवती मात्र भर पडत जाते. एका अंगाला कडब्याची गंजी, दुसरीकडे कुटाराचा ढीग आणि गोठ्याच्या कुडाला टेकून पऱ्हाटी-तुराट्या. पुढे वैशाखात अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्याही वर जातो. तेव्हा हा सारा पसारा एका ठिणगीची वाट पाहत असतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी एप्रिलमध्ये एका शेतकऱ्याने सकाळी अकराच्या सुमारास धुरा पेटवला. धुरा जळून गेला असे समजून तो जेवायला घरी गेला. दुपारी वारा सुटला. आग पांदण ओलांडून चुलतभावाच्या पऱ्हाटीला लागली आणि तेथून गोठ्याला. घरची बाई आत धावली, पण बैलांची दावी आवळगाठीने बांधलेली होती. एक बैल सुटला, दुसरा आतच राहिला. पंचनाम्याच्या वेळी ती बाई एवढेच म्हणाली, "सायेब, इळा हाताशी असता तं दोन्ही बैल वाचले असते." त्या दोन घरांचा पाणी-तंबाखूचा व्यवहारही पुढे कित्येक वर्षे बंद होता. आगीने बैल नेला आणि भाऊबंदकीही पेटवली.

आग येते कोठून?

आपल्याकडची आग बहुधा माणसाच्या हातूनच लागते. पेटवलेला धुरा, टाकलेली बिडी, चुलीची न विझलेली राख, लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा, ही तिची नेहमीची कारणे. एक कारण मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ओलसर चारा किंवा कुटार दाबून रचले, तर आत ऊब धरते आणि कधी कधी आपोआप पेटही घेते. शंका असल्यास गंजीत लोखंडी सळई खोचून थोड्या वेळाने काढावी. ती हाताला सोसवत नसेल तर भवती पाणी तयार ठेवून, चार माणसे जवळ असतानाच गंजी मोडावी.

होळीआधी करावयाची कामे

गंजी घर व गोठ्यापासून निदान ५० फूट दूर असावी. वरून विजेची तार जात असेल तर ती जागा सोडावी. सारा चारा एकाच ठिकाणी न रचता दोन गंज्या दूर दूर कराव्यात. एक गेली तरी ढोरांच्या तोंडी दुसरी राहते. उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, म्हणून गंजी घराच्या पूर्वेला बरी. गंजीभोवती दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा वखरून काळी माती उघडी करावी. गवताची काडी नसली म्हणजे आगीला चालायला वाट उरत नाही.

पऱ्हाटी घराजवळ रचण्याची आपली जुनी सवय दुहेरी नुकसानीची आहे. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. २०१७ साली या अळीने विदर्भात काय केले, ते आपण विसरलेलो नाही. पऱ्हाटीचा श्रेडरने भुगा करून तो जमिनीत गाडावा किंवा खतासाठी कुजवावा. जळणापुरती ठेवायचीच असेल, तर बोंडे झाडून, दूर आणि थोडीच ठेवावी.

गोठ्यात दावे ओढताच सुटेल अशा गाठीने बांधावे. दाराच्या चौकटीला एक धारदार विळा कायम टांगलेला असावा. ही खबरदारी आठ-बारा आण्यांचीही नाही, पण बैल वाचवणारी आहे. पाण्याचे दोन ड्रम, मातीची घमेली आणि चार जुनी पोती गोठ्याजवळ ठेवावीत. वीज ऐनवेळी जाते, म्हणून नुसत्या मोटारीच्या भरवशावर राहू नये. पाठीवरचा फवारणी पंप स्वच्छ धुऊन पाण्याने भरून ठेवावा. मोर्शी-वरूडकडच्या संत्रा बागायतदारांनी ब्लोअरची टाकीही भरलेली ठेवावी. शेजारच्या धुऱ्याची आग बागेत शिरली, तर झाडांबरोबर ठिबकच्या नळ्याही जातात.

धुरा पेटवू नका

सर्वांत चांगले म्हणजे धुरा पेटवूच नये. गवत कापून कुजवावे. जाळल्याने जमिनीला मिळणारा काडीकचरा जातो, धुऱ्यावरचे निंब-बाभूळ होरपळतात आणि तण पुन्हा उगवतेच. शेजारी पेटवणार असेल तर त्याच्याशी आधीच गोडीने बोलावे. भांडणापेक्षा ते स्वस्त पडते.

जंगलाकाठच्या गावांसाठी

धारणी, चिखलदरा, अचलपूर, अकोट, तेल्हारा या भागांतील गावांनी अधिक जपावे. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. तेथील सागाची पाने उन्हाळ्यात गळून जमिनीवर जाड थर होतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. त्याआधी वनखाते जाळरेषा काढते. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवू नये, तो झाडून बाजूला करावा. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. वणवा दिसताच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आग लागलीच तर

आधी माणसे, मग ढोरे, मग चारा, हा क्रम चुकवू नये. गवताची आग ओल्या पोत्याने किंवा निंबाच्या हिरव्या डहाळीने, वाऱ्याकडे पाठ करून कडेकडेने दाबत जावी. आगीच्या समोर उभे राहू नये. विजेच्या तारेची आग असेल तर पुरवठा बंद होईपर्यंत पाणी मारू नये. १०१ किंवा ११२ ला लगेच फोन करावा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे पाणी सोडावे. शाई, हळद, तूप लावू नये आणि लगेच दवाखान्यात न्यावे. नुकसान झाल्यास तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. ढोर दगावले तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घेतल्याशिवाय ते पुरू नये.

'आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी' असे आपण हसून म्हणतो. पण तालुक्याचा बंब गावात पोचेपर्यंत कडब्याची राख झालेली असते. तेव्हा आपला बंब आपल्याच दारी असू द्या. आज संध्याकाळी ढोरे बांधाल तेव्हा दाव्याची गाठ एकदा ओढून पाहा, आणि दाराला विळा टांगूनच जेवायला बसा.