कपातीचे कारण कोणते?

कपातीची नोटीस लागली की कामगार प्रथम विचारतो, 'का?' हल्ली त्याला एक ठरीव उत्तर मिळते : 'कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आमचा इलाज नाही.' कामगार चळवळीत उमेद घालवलेल्या आम्हांस हे उत्तर तपासून घ्यावेसे वाटते.

प्रथम तारखा पाहू. अमेरिकेतील मेटा कंपनीने ११,००० माणसे काढल्याचे जाहीर केले ते ९ नोव्हेंबर २०२२ रोजी. चॅटजीपीटी लोकांपुढे आले त्याच महिन्याच्या ३० तारखेस. म्हणजे कपात आधी, यंत्र मागाहून! महासाथीत वाढलेला धंदा तसाच टिकेल असे धरून खर्च वाढविला, तो अंदाज चुकला, असे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनीच तेव्हा सांगितले. शिवाय २०२२ च्या आरंभी शून्याजवळ असलेला तेथील मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच टक्क्यांवर गेला. स्वस्त पैसा संपला, तशी भरतीही आटली.

दुसरी कसोटी लेखी जबाबाची. न्यूयॉर्क राज्याने मार्च २०२५ पासून मोठ्या कपातीच्या सरकारी नोटिशीत 'नवे तंत्र वा स्वयंचलन' या कारणासाठी चौकट ठेवली. पहिल्या काही महिन्यांत शेकडो नोटिसा आल्या. त्या चौकटीत एकाही कंपनीने खूण केली नाही. तेव्हा भागधारकांपुढची भाषणे तरी फुगवलेली, नाही तर कागद तरी अपुरा. दोन्ही परींनी कामगार अंधारातच!

मग यंत्र अगदी निर्दोष काय? तसेही नव्हे. आपले यंत्र ग्राहकांना उत्तरे देणाऱ्या ७०० माणसांचे काम करते, असे स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ साली सांगितले. पुढच्याच वर्षी दर्जा घसरल्याचे तिच्या प्रमुखांनी मान्य केले व या कामावर पुन्हा माणसे घेण्याचे ठरले. काही काम यंत्र खरोखरच करते. परंतु माणसे किती काढावयाची, हे यंत्र ठरवीत नाही. मुंबईच्या १९२८ च्या गिरणी संपात, विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत काय, हा वादाचा एक मोठा मुद्दा होता. तिसरा माग विणकराच्या गळ्यात घालण्याचा निर्णय मागाने घेतलेला नव्हता!

म्हणून ज्यांची मुले आज संगणकाच्या कचेऱ्यांत आहेत, त्यांना आमचे सांगणे एवढेच : कारण लेखी मागावे. कोणते काम यंत्राकडे गेले, कोणते उरले आणि उरलेले कोणाच्या माथी बसले, हे एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून विचारावे. यंत्राशी वाटाघाट करता येत नाही, मालकाशी येते.