स्मृतिभ्रंशाच्या घरी कोणते यंत्र कामाचे?

आपल्याकडे घरातील वडीलधारे माणूस तेच तेच विचारू लागले, जेवण झाल्यावरही जेवण मिळाले नाही म्हणू लागले, की "सठिया गये" म्हणून विषय संपविला जातो. शेजारपाजारी त्यालाच म्हातारचळ म्हणतात. वास्तविक हा वयाचा दोष नसून मेंदूचा आजार आहे. डॉक्टर त्यास डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. त्यातील सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे पहिले वर्णन केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील दर शंभरात सातांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक या आजाराने ग्रस्त आहेत. मुळापासून बरे करणारे औषध अद्याप निघालेले नाही. तेव्हा खरा इलाज म्हणजे घरच्यांची खिदमत.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी, असे काही बंधू विचारतील. त्यांनी हिशेब पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे या आजारावर जगभर होणाऱ्या खर्चाचा निम्मा भाग घरच्या माणसांच्या बिनपगारी सेवेचा असतो. ही सेवा दिवसाला सरासरी पाच तासांची, आणि त्यातील सत्तर टक्के तास स्त्रियांचे. पाच तास म्हणजे अर्धी दुकानदारी झाली. घरी शिलाई करणारी बाई किंवा हातावर पोट असलेला कारागीर यांच्यासाठी तर ती अर्धी रोजीच आहे.

आता बाजारात या कामी नाना प्रकारची यंत्रे आली आहेत. परंतु शहरात चालणारी वस्तू मोताळ्यात चालेलच असे नाही. आमच्या घरी वालिदांची सेवा चालू आहे, त्यामुळे यातील पुष्कळ माल मी हाताळून पाहिला. कापड घेताना जसा ताग्याचा पोत पाहतो, तशी या यंत्राची परीक्षा तीन गोष्टींवर करावी. लाईट गेल्यावर ते चालते काय? नेट नसताना चालते काय? आणि रुग्णाने काही न करता चालते काय?

जीपीएसचे मनगटी घड्याळ घ्या. त्यात सिम असते आणि रुग्ण कुठे आहे ते मुलाच्या मोबाईलवर नकाशात दिसते. कल्पना उत्तम, पण ते वारंवार चार्ज करावे लागते, त्यास रेंज लागते, पत्र्याच्या छपराखाली ठिकाण चुकते, आणि रुग्ण ते काढून उशीखाली ठेवतो. किल्ल्यांना लावण्याचे छोटे ब्लूटूथ टॅग त्याहून फसवे. आसपासच्या लोकांच्या मोबाईलवरून ते आपला पत्ता कळवितात. मुंबईच्या गर्दीत हे जमते, नळगंगेच्या काठच्या शेतवाटेवर मोबाईलवाला माणूस भेटणार कधी आणि पत्ता कळणार कधी?

त्यापेक्षा दारावरचा चुंबकी अलार्म बरा. एक तुकडा चौकटीवर आणि एक दारावर बसवायचा. दार उघडताच तो वाजतो. सेलवर चालतो, नेट लागत नाही, रुग्णाला काही शिकावे लागत नाही, आणि किंमत काही शे रुपयांच्या आत. रात्री संडासाकडे जाताना पडू नये म्हणून माणसाची चाहूल लागताच पेटणारा सेन्सरचा बल्ब घ्यावा. त्यात चार्जिंगचा मिळाला तर लाईट गेली तरी अडत नाही. बिनतारी बेलचे बटण रुग्णाच्या खाटेजवळ आणि भोंगा स्वयंपाकघरात ठेवला की हाका मारून घसा बसत नाही. मात्र आजार पुढे गेल्यावर बटण कशाचे हेच रुग्ण विसरतो, हे ध्यानात ठेवावे. अजान देणारे घड्याळ पुष्कळ घरांत असतेच. ज्याला सकाळ की संध्याकाळ हे कळेनासे झाले, त्याला दिवसाची वेळ उमगण्यास त्याचा चांगला उपयोग होतो.

वायफाय कॅमेऱ्याबद्दल थोडे अधिक लिहिणे जरूर आहे. दुकानात बसून घर दिसते म्हणून तो झपाट्याने खपतो. पण जनानखान्यात, जिथे आईला कपडे बदलायला लावायचे, तिथे कॅमेरा लावणे योग्य नाही. त्यातील चित्र कोणत्या कंपनीच्या कोणत्या संगणकावर साठते हे विकणाऱ्यासही सांगता येत नाही. लावायचाच असेल तर बाहेरच्या दाराकडे तोंड करून लावावा, पासवर्ड बदलून.

दुसरी गोष्ट अशी की, कॅमेऱ्याची सूचना वाजते दुकानातल्या पुरुषाच्या मोबाईलवर. धावायचे असते घरातल्या बाईला, आणि तिच्या हाती बहुधा साधा बटणाचा फोन. मग तो फोन करून विचारतो, "अम्मी उठून बसल्या, तू कुठे आहेस?" अशाने यंत्र सेवेचे राहत नाही, मुकादमाचे होते. यास्तव यंत्र घेण्यापूर्वी घरात जी प्रत्यक्ष सेवा करते तिला विचारावे आणि सूचना तिच्या हाती देणारेच यंत्र घ्यावे. पुरुषाने मोबाईलवरून करण्याजोगी कामे वेगळी आहेत : औषधाची वेळ व साठा सांभाळणे, डॉक्टरांची तारीख लावणे, आणि रात्रीची पाळी घेणे, जी मोबाईलवर होत नाही.

उलट बाजूही आहे. बीबीची सेवा एकट्याने करणारे पुरुष आपल्या भागात आहेत. त्यांना स्वयंपाक आणि आंघोळ जड जातेच, त्याहून जड जाते कुणाजवळ बोलणे. बाई शेजारणीजवळ मन मोकळे करते, पुरुष चहाच्या टपरीवर भावच बोलतो. अशांसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेलिमानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. त्यासाठी साधा फोन पुरतो. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने सेवा करणाऱ्यांसाठी आयसपोर्ट नावाचा शिक्षणक्रम इंटरनेटवर काढला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या तज्ज्ञांनी भारतात त्याची चाचणी घेतली आणि २०२१ साली निष्कर्ष छापले. १५१ जण दाखल झाले, शेवटपर्यंत टिकले ५५. मनावरील ओझे ठळकपणे कमी झाल्याचे आढळले नाही. रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी मात्र सुधारली. ज्याला झोपेला वेळ नाही तो संगणकावर धडे कधी वाचणार, हे यातून समजून घ्यावे. याच शिक्षणक्रमाचे छापील पुस्तकही आहे, आणि बंगळूरच्या स्वप्ना किशोर यांनी आईची सेवा करता करता हिंदीत लिहून ठेवलेली माहिती इंटरनेटवर फुकट वाचता येते. आपल्यापैकी पुष्कळांना ती सोपी जाईल.

पैशाबाबत व्यापारी घरांनी वेळीच सावध व्हावे. रुग्णाच्या मोबाईलमधील यूपीआय बंद करावे किंवा थोड्या रकमेच्या वेगळ्या खात्याला जोडावे. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवावे. वडिलांनी मुखत्यारपत्र करून दिले आहे, आता चिंता नाही, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ज्याने अधिकार दिला त्याची मती ठिकाणावर नसली की मुखत्यारी संपते. मग संपत्तीच्या पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. हिबा असो वा वसीयत, होशहवास शाबूत असतानाच लिहावी. उधारीचे खातेही आजाराच्या सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे. कोणाकडे किती येणे ते पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते.

हरवलेल्या माणसाचा प्रश्न सर्वांत मोठा. मुंबईचे अभियंते अक्षय रिडलन यांनी प्रोजेक्ट चेतना या नावाने क्यूआरचे लॉकेट काढले. आधी त्यांनी भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात असे क्यूआर बांधले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीहून हरवलेला बारा वर्षांचा गतिमंद मुलगा कुलाब्यात सापडला. गळ्यातील क्यूआर मोबाईलने वाचताच घरच्यांचा नंबर मिळाला आणि तो त्याच दिवशी घरी पोहोचला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी हीच युक्ती चालते. यास चार्जिंग लागत नाही. फक्त सापडलेल्या माणसाकडे स्मार्टफोन व नेट हवे.

आमच्या धंद्यातील कारागिरांनी याला जोड द्यावी. मोबाईल नंबर मशीनवर धाग्याने भरलेली कापडी पट्टी वर्षानुवर्षे धुतली तरी टिकते, शाईने लिहिलेली काही धुण्यांत जाते. रुग्णाच्या कपड्यांनाही गिऱ्हाईक आहे : नाड्याऐवजी इलॅस्टिक, काज-बटणाऐवजी वेल्क्रो, आणि डोक्यातून घालावा लागू नये म्हणून पुढून पूर्ण उघडणारा कुर्ता. असा माल आपल्या बाजारात तयार मिळत नाही, शिवून द्यावा लागतो. पट्टीवर घराचा पत्ता लिहू नये, नंबर तेवढा असावा, तोही दोन माणसांचा. पट्टी पाठीवर मानेखाली बाहेरून लावावी. पुढे लावली तर रुग्ण बसल्या बसल्या ती उसवतो.