लहान बंधाऱ्याचे म्हातारपण

धरण म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर कोयना उभी राहते. शाळेच्या सहली तिकडे जातात, पावसाळ्यात तिचे दरवाजे किती फूट उचलले याच्या बातम्या येतात. आमच्या गावाजवळ कृष्णेवर जो बंधारा आहे, त्याच्याकडे मात्र कोणी सहल काढीत नाही. गाव वाळवा तालुक्यातले. नाव मुद्दामच देत नाही, कारण कृष्णाकाठच्या कितीतरी गावांची हकीकत हीच आहे. उन्हाळ्यात मी याच बंधाऱ्यावरून सायकल हाकीत पलीकडे जातो आणि कॉलेजची एस.टी. पकडतो. खाली पाणी अडलेले असते, वर माणसे, म्हशी आणि उसाच्या बैलगाड्या जात असतात. धरण, पूल आणि घाट ही तिन्ही कामे तो एकटा करतो, आणि तीही म्हातारपणी.

आमचा बंधारा कोल्हापूर पद्धतीचा आहे. नदीच्या पात्रात दगडी खांबांची रांग उभी असते. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. पावसाळा ओसरला की गाळ्यांच्या खाचांतून बरगे सोडून पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची, एवढीच ही युक्ती. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन रांगा लावून मध्ये माती ठासीत. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी बरगे आले आहेत. नागठाणे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ अशी ही बंधाऱ्यांची माळ आहे. म्हैसाळच्या बंधाऱ्यातून उचललेले पाणी तर थेट दुष्काळी भागापर्यंत चढविले जाते.

दुसरा प्रकार भरीव बंधाऱ्याचा. कऱ्हाडच्या वरच्या अंगाला खोडशी येथे असा बंधारा आहे. गेल्या शतकाच्याही आधी, १८६० नंतरच्या दशकात, इंग्रजी अमदानीत तो बांधला गेला. त्याने पाणी अडवून उंच केले की ते डाव्या काठच्या कृष्णा कालव्यात शिरते आणि आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या शेतांना भिजवीत जाते. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला १९४९ साली आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० साली; म्हणजे हा कालवा आमच्या जिल्ह्याहूनही वयाने वडील आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि २००५, २०१९, २०२१ चे महापूर या बंधाऱ्याच्या हयातीतलेच.

मी कला शाखेचा विद्यार्थी. गणिताशी माझे फारसे सख्य नाही. तरी एक हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. चार मीटर खोल पाणी अडविले, तर बंधाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे आठ टनांचा रेटा पडतो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. पाणी मागे किती कोस पसरले आहे याचा येथे संबंध नाही. खोली तेवढी मोजायची. म्हणजे शंभर मीटर लांबीचा आमच्यासारखा बंधारा आठशे टनांचा भार महिनोन् महिने पाठीवर घेऊन उभा असतो. ‘लहान’ हे विशेषण आपण त्याला दिलेले आहे, पाण्याने नव्हे.

मग हा बंधारा म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते? दगड सहसा झिजत नाही, झिजतो तो दोन दगडांमधला सांधा. जुन्या बांधकामातला चुना पाझरणाऱ्या पाण्यात हळूहळू विरघळतो आणि खालच्या बाजूच्या दगडांवर पांढरे ओघळ उमटतात. रिकाम्या झालेल्या सांध्यात पिंपळाचे बी पडते. रोप हिरवेगार दिसते म्हणून आपल्याला बरे वाटते. पण त्याचे मूळ पाचरीसारखे काम करीत असते. तिकडे बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी डोह खणते आणि तो डोह पायाच्या दिशेने सरकत येतो. खालच्या अंगाला वाळूचा बेसुमार उपसा झाला की नदीचा तळ आणखी खचतो आणि जो पाया जमिनीत असावयाचा, तो उघडा पडतो.

गळतीबद्दलही एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. प्रत्येक बंधारा थोडाफार गळतोच. गळणारे पाणी नितळ असेल तर ते केवळ पाणी घेऊन जाते. गढूळ असेल तर ते आतली मातीही घेऊन जाते. काल नितळ असलेली गळती आज गढूळ झाली, तर ती आजच्या आज कळविण्याची गोष्ट आहे.

परंतु आमच्या बंधाऱ्याचा सर्वांत मोठा धोका मला पुस्तकाने नव्हे, आजोबांनी सांगितला. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा मी शाळेत होतो. त्या साली काही गाळ्यांतले बरगे वेळेत निघाले नव्हते. गंजून खाचेत अडकले होते. वाहून आलेली झाडे त्यांच्यावर अडली आणि पाण्याला मधून वाट उरली नाही. पूर ओसरल्यावर आम्ही जाऊन पाहिले, तर बंधारा जागेवर होता, मात्र त्याच्या टोकाचा मातीचा भराव गेला होता आणि त्याबरोबर चुलत्यांचे वीस गुंठे उसाचे रान. सारे दगडी खांब पाहत ‘बंधारा टिकला’ म्हणत होते. आबा तेवढे काठाकडे बघत म्हणाले, “खांब बघून काय करतोस? नदी मधनं जात न्हाई रं, कडंनं जाती.”

पुढे कळले की हे अनुभवाचे बोल शास्त्रालाही धरून आहेत. दगडाला हटविता आले नाही की पाणी मऊ जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे जेथे दगड संपतो व माती सुरू होते तो सांधा.

मोठ्या दुर्घटनांनी आपल्याला पूर्वीच जागे करावयास हवे होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी. गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. ते काही जुने नव्हते, आणि मोठेही नव्हते.

यानंतर २०२१ साली देशाचा धरण सुरक्षा कायदा झाला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी झालीच पाहिजे, असे त्याने ठरविले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र हा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांसाठी आणि १० ते १५ मीटरांमधल्या काही विशिष्ट धरणांसाठी आहे. चार मीटरांचा आमचा बंधारा त्याच्या कक्षेत येत नाही. आमचा बंधारा फुटला तर सांगली बुडणार नाही, हे मला मान्य आहे. पण जानेवारीत एका गाळ्याचे बरगे निखळले तर एका रात्रीत डोह रिकामा होईल, नळपाणी योजनेची विहीर आणि मोटारींचे फूटव्हॉल्व्ह उघडे पडतील, आणि भर उन्हाळ्यात गाव पाण्यावाचून राहील. खालच्या पात्रात कोणी धुणे धूत असेल, त्याला लोंढा येताना दिसणारही नाही. उंची मोजून हा धोका कळत नाही.

मग करावयाचे काय? दुरुस्ती हे अभियंत्यांचे काम आहे, त्यात आपण लुडबूड करू नये. पण पाहणे हे काठावरच्या माणसाचे काम आहे, आणि ते अभियंत्याला वर्षभर जमणार नाही. गेल्या दिवाळीपासून मी एक शंभर पानी वही ठेवली आहे. दर रविवारी आबांना बरोबर घेऊन बंधाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. कोणत्या गाळ्यातून गळते, पाणी नितळ की गढूळ, कोणता बरगा वाकला, कोणता भंगारासाठी चोरीला गेला, काठाच्या भेगेत काल किती बोटे जात होती आणि आज किती जातात, हे तारखेसह लिहितो. आबांची नजर आता अधू झाली आहे, तरी पाणी पडण्याचा आवाज बदलला की ते थांबतात आणि काठी टेकून म्हणतात, “हितं लिव्ह.”

एका कार्यालयात ही वही मी दाखविली. तेथील साहेबांनी पहिली दोन पाने चाळून ती परत दिली. मला त्याचा राग आला नाही असे नाही. परंतु एकट्या वहीला कोणी फारसे मोजत नाही, हेही त्या दिवशी समजले. आपल्या महाविद्यालयात कृष्णा, वारणा आणि येरळा या नद्यांच्या काठांवरून विद्यार्थी येतात. प्रत्येकाच्या वाटेत कुठला ना कुठला बंधारा आहे. भूगोलाच्या सरांनी मनावर घेतले आणि राष्ट्रीय सेवा योजनेने साथ दिली, तर अशा वीस वह्या सहज होतील. वीस वह्या एकत्र घेऊन गेलो, तर निदान त्या ठेवून तरी घ्याव्या लागतील.

तोपर्यंत आमच्या वहीत येत्या रविवारची नोंद व्हायची आहे. डाव्या काठाकडच्या तिसऱ्या गाळ्याखालचे पाणी मागच्या खेपेला नितळ होते.