मयताच्या घरी हसू का फुटतं? ‘महानिर्वाण’ ते ‘व्हेंटिलेटर’, काळ्या विनोदाची गोष्ट

मयतीला गेल्यावर हसू फुटणं यासारखी पंचाईत दुसरी नाही. तिरडी बांधायला आलेल्या चौघांची चार मतं असतात. डॉक्टरांचा दाखला कुणीतरी घरीच विसरून आलेलं असतं. तेवढ्यात एकाचा फोन वाजतो आणि तो खणखणीत आवाजात सांगतो, “स्मशानात आहे, सुटलो की करतो.” मागे उभा असलेला भाचा घाईघाईने रुमाल तोंडाला लावतो. बघणाऱ्यांना वाटतं, बिचारा फार हळवा आहे.

या हसण्यावर नाटकं आणि सिनेमे उभे राहिले, त्याला आपण काळा विनोद किंवा ब्लॅक ह्युमर म्हणतो. हा शब्द रुळवण्याचं श्रेय फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँला जातं. १९४० मध्ये त्याने अशा लेखनाचा एक संग्रहच काढला होता. पण मराठी माणसाला ही गोष्ट समजून घ्यायला फ्रान्सपर्यंत जायची गरज नाही, पुण्यापर्यंत गेलं तरी भागतं.

१९७४ साली थिएटर अकॅडमीने सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ रंगमंचावर आणलं. आळेकर तेव्हा बी. जे. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्रीतले नोकरदार, म्हणजे मरणाच्या वैद्यकीय बाजूच्या तसे जवळच. नाटकात चाळीत राहणारे भाऊराव मरतात, पण गप्प बसत नाहीत. स्वतःच्या मरणाची हकिकत ते कीर्तनाच्या ढंगात लोकांना सांगतात. त्यांची एकच इच्छा असते, की आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावं. नेमकं ते स्मशान बंद होतंय आणि मुलगा नाना गावाला गेलाय. प्रेत तसंच घरात. इकडे खांदा द्यायला जमलेल्या चाळकऱ्यांमधल्या ‘डावीकडून तिसऱ्या’ माणसाकडे भाऊरावांच्या बायकोचं लक्ष जायला लागतं.

आता यात हसण्यासारखं काय आहे? कागदावर वाचलं तर काहीच नाही. गंमत आहे ती कीर्तनात. ‘देह नश्वर आहे’ हे मराठी माणूस पिढ्यानपिढ्या कीर्तनातच ऐकत आला. आधी पूर्वरंगात तत्त्वज्ञान सांगायचं, मग उत्तररंगात आख्यान लावायचं, ही त्याची ठरलेली रीत. आळेकरांनी ते निरूपण चक्क नश्वर देहाच्याच तोंडी दिलं. मग नेहमीच्या गंभीर गोष्टी एकदम उघड्या पडतात. मरणाचं दुःख एका बाजूला राहतं आणि ‘याला आता न्यायचं कुठे?’ हा व्यवहार पुढे येतो.

माझ्या मते मरणावरच्या चांगल्या विनोदाची खूण हीच. त्यात मेलेल्या माणसाची थट्टा फार कमी असते. थट्टा होते ती मागे उरलेल्यांच्या धावपळीची.

राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) आठवा. कामेरकर कुटुंबातले गजाननकाका कोमात जातात, तेही गणपती तोंडावर आलेले असताना. जवळचा माणूस गेला की भावकीला दहा दिवस सुतक, आणि सुतकात गणपती बसवत नाहीत. कोकणातल्या घराला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. काका जगावेत ही काळजी खरी आहे आणि निदान विसर्जनापर्यंत तरी जगावेत हा हिशोबही तितकाच खरा. दोन्ही एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी चालू असतात, म्हणून प्रेक्षक हसतो आणि लगेच थोडा ओशाळतो. शिवाय या गर्दीतच बाप-लेकाचं कधीच न जमलेलं नातं आहे, आणि यंत्र काढायचं की नाही हा प्रश्नही. हसून झाल्यावर तो जास्त टोचतो.

‘जाने भी दो यारों’चं (१९८३) प्रेत तर आणखी पुढे जातं. सतीश शाह यांनी साकारलेला भ्रष्ट आयुक्त मेल्यावर शवपेटीतून शहरभर फिरतो आणि शेवटी महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन उभा राहतो. इथे थट्टा सगळ्या व्यवस्थेची आहे.

पण हसू येतंच का?

फ्रॉइडने १९२७ च्या एका निबंधात एक कैदी उभा केलाय. सोमवारी फाशीला नेत असताना तो म्हणतो की आठवड्याची सुरुवात तर छान झाली. फ्रॉइडचं म्हणणं असं की विनोदाने माणूस परिस्थितीपुढे मान तुकवायला नकार देतो. मरण टळत नाही, पण त्याचा धाक क्षणभर उतरतो.

अमेरिकेतल्या पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये दुसरी मांडणी केली. काहीतरी भलतंच घडतंय, तरी ते आपल्याला इजा करणारं नाही, असं एकाच वेळी वाटलं की हसू येतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथे सँडी चक्रीवादळ आलं, तेव्हा मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी वादळावरचे विनोद लोकांना वेगवेगळ्या दिवशी वाचायला दिले. वादळ येण्याआधी ते बऱ्यापैकी गमतीदार वाटत होते. नुकसान समोर आल्यावर त्यांतली गंमत गेली. मग ती पुन्हा चढत सुमारे ३६ व्या दिवशी सर्वांत वर गेली आणि पुढे ओसरली. फार जवळून विनोद बोचतो, फार लांबून तो शिळा होतो.

हे अंतर दिवसांचं असतं तसं नात्याचंही असतं. एप्रिल २०२१ मध्ये कितीतरी शहरांत स्मशानाबाहेर रांगा लागल्या होत्या. त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाने ‘बाबांना आयुष्यभर रांगेची चीड होती’ असं म्हणणं वेगळं, आणि तेच वाक्य घरी बसलेल्या तिऱ्हाइताने मीम करून फिरवणं वेगळं. शब्द तेच असले तरी पहिल्यात स्वतःचं दुःख आहे, दुसऱ्यात दुसऱ्याचं. दुसऱ्या प्रकाराला ‘डार्क कॉमेडी’ म्हणून सूट मागणाऱ्यांची आजकाल कमी नाही. मला ती सूट द्यावीशी वाटत नाही.

पहिला प्रकार मात्र आपल्याकडे कुठल्याही घाटावर दहाव्याच्या दिवशी ऐकू येतो. पिंड मांडलेला असतो आणि कावळा शिवत नाही. मोठा मुलगा हात जोडून ‘धाकट्याचं लग्न करून देऊ’ म्हणतो. कावळा ढिम्म. ‘आईला नीट सांभाळू.’ तरी ढिम्म. मग मागून कुणीतरी हळूच सुचवतं, “अरे, आधी चहा ठेवा, त्याशिवाय ते कधी उठलेत का?” डोळे पुसत पुसत सगळे हसतात, चहा येतो, तोही गार होतो. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि मंडळी घराकडे निघतात.