बीडकरांचं शेजारचं कॉलेज : अहमदनगर कॉलेज

आष्टी-कड्याच्या किती घरांत 'पोरगं नगरला शिकायला आहे' हे वाक्य ऐकलंय! 🎓 त्यातल्या अनेकांचं कॉलेज म्हणजे स्टेशन रोडवरचं अहमदनगर कॉलेज.

डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती प्राध्यापकांनी ते 1947 साली उभं केलं. पुणे विद्यापीठ 1949 चं, म्हणजे कॉलेज त्याच्याहून वडील! नगरमधलं मिशनरी शिक्षणकार्य त्याहून जुनं. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे गिरवले ते इथल्याच मिस फरार यांच्याकडे. आज हे कॉलेज त्याच पुणे विद्यापीठाशी, म्हणजे आता सावित्रीबाईंच्याच नावाच्या विद्यापीठाशी संलग्न आहे.

संस्था ख्रिस्ती, पण वर्गात सगळ्या जातिधर्मांची पोरं. कला, विज्ञान, वाणिज्य एकाच आवारात. याच संस्थेच्या सीएसआरडीत (ग्रामीण विकास अभ्यास केंद्रात) समाजकार्य शिकवतात. त्या पोरांचा अभ्यास वर्गापुरता नसतो, थेट गावात जावं लागतं.

गावाकडच्या पोरांचं गणित पूर्वीपासून एसटीवर चालायचं : सकाळची गाडी, फडक्यात बांधलेली भाकरी, संध्याकाळी परत. आता 2022 पासून आष्टीला आणि 17 सप्टेंबर 2025 पासून थेट बीडला रेल्वे आलीय.

तुमच्या घरातलं कोण शिकलंय इथं? कमेंटमध्ये बॅच सांगा!