टेंडर निघाल्यावर काम कोण बघतं?

सावंतवाडीत पहिला मोठा पाऊस पडून रस्त्याची खडी वर आली की चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते: ‘टेंडरात पैसे खाल्ले.’ कधी ते खरंही असतं. पण खराब कामामागे नेहमी चोरीच असते, हा पहिला गैरसमज. इटलीतल्या सरकारी खरेदीचा बांदिएरा, प्रात आणि वॅलेट्टी या अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. वाया गेलेल्या पैशापैकी सुमारे ८३ टक्के पैसा कोणाच्याच खिशात गेला नव्हता. तो ढिसाळपणात आणि नीट खरेदी करता न येण्यात गेला होता. तोच आकडा आपल्याला लागू होईल असं नाही, पण प्रकार ओळखीचा आहे. जागेवर न जाता केलेलं अंदाजपत्रक, उतार न बघता बांधलेलं गटार, मार्चअखेरच्या घाईत दिलेला कार्यारंभ आदेश आणि पावसाच्या तोंडावर ओतलेलं डांबर. यात लाच सापडणार नाही, पण रस्ता मात्र वाहून जाईल.

दुसरा समज असा की ई-निविदा आली म्हणजे देखरेख झाली. ऑनलाइन निविदेचा उपयोग नक्की आहे. भारत आणि इंडोनेशियातल्या कामांवरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर फारसे उतरलेले दिसले नाहीत, पण भागाबाहेरच्या ठेकेदारांना कामं मिळू लागली आणि आपल्याकडच्या ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांचा दर्जा सुधारला. तरीही महाटेंडर्सचं संकेतस्थळ ठेकेदार ठरेपर्यंतच सोबत करतं. थर किती जाडीचा पडला हे पुढे मोजमाप पुस्तिकेत लिहिलं जातं, आणि ती पुस्तिका सहसा कोणी मागत नाही.

‘ऑडिट होतंच की!’ हेही आपण ऐकतो. स्थानिक निधी लेखापरीक्षा होते, पण बिल अदा झाल्यावर, आणि तिचा भर मुख्यतः कागदांवर असतो. इंडोनेशियात बेंजामिन ओल्केन यांनी ६०८ गावांतल्या रस्त्यांवर प्रयोग केला. काही गावांना आधीच कळवलं की तुमच्या कामाचं सरकारी ऑडिट नक्की होणार. एरवी तशी शक्यता जेमतेम ४ टक्के होती. नंतर अभियंत्यांनी रस्ते खोदून साहित्य मोजलं, तेव्हा त्या गावांत गायब खर्चाचं प्रमाण सुमारे ८ टक्के बिंदूंनी घटलेलं आढळलं. गावकऱ्यांना नुसतं बैठकीला बोलावल्याने मात्र सरासरीत फार फरक पडला नाही. मला यातली खोदाई सर्वांत मोलाची वाटते. तपासणी फक्त नियमांची झाली तर उलटंही होतं: चिलीत लेखापरीक्षक लिलावाच्या अटींवर बोट ठेवू लागले, तेव्हा तिथले अधिकारी लिलाव टाळून थेट खरेदीकडे वळले.

जिल्ह्यातलं सर्वांत दुखरं उदाहरण मालवणचं आहे. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. काम नौदलामार्फत झालं होतं, नगरपरिषदेचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण धडा लागू आहे. नट-बोल्ट गंजत असल्याचं सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या अभियंत्याने २० ऑगस्टला लेखी कळवलं होतं. म्हणजे दोष कोणाला दिसलाच नाही, असं नव्हतं. दिसलेल्या दोषावर लगेच काम थांबवण्याची किंवा दुरुस्ती करून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेलं नसेल तर पत्र फाइलमध्येच राहतं.

सावंतवाडीत तर डिसेंबर २०२१ पासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत नगरपरिषदेवर प्रशासक होता. सभेत उठून ‘या बिलाचं मोजमाप दाखवा’ म्हणणारा नगरसेवकच त्या काळात नव्हता. आता आहे, आणि त्याने ते विचारायला हवं.

नागरिकाला माहिती अधिकारात फक्त झेरॉक्स मिळतात, हा शेवटचा आणि सर्वांत महागात पडणारा समज. २००५ च्या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. ‘ठेकेदाराची व्यापारी गोपनीयता’ हे उत्तर आलं तर कलम ८ वाचावं: व्यापक जनहित असेल तर ती माहितीही देता येते. अर्ज काम चालू असतानाच करावा, कारण उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तोवर खालचा थर झाकला जातो. मागायचं काय? अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, साहित्याचे चाचणी अहवाल. आणि दोष दायित्व कालावधी कोणत्या तारखेला संपतो, हेही. त्या तारखेपर्यंत निघालेला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि त्याची सुरक्षा अनामत तोवर नगरपरिषदेकडेच असते. खड्ड्याची लेखी तक्रार त्या तारखेआधी पोचली, तर दुरुस्तीचा पैसा पुन्हा आपल्या घरपट्टीतून जात नाही.