घडीचा चाकू आणि गिऱ्हाइकाची नापसंती

दुकानातील काचेच्या कपाटातून घडीचा चाकू काढून गिऱ्हाइकाच्या हाती दिला, की ते पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करते, हे पाहण्याजोगे असते. धारेकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. पात्यावरील खाचेत अंगठ्याचे नख घालून ते पाते उघडू पाहते. पाते हटून बसले आणि नख दुखावले, तर चाकू मुकाट्याने परत कपाटात जातो. पोलाद किती उत्तम आहे, हे सांगण्याची संधीही विक्रेत्याला मिळत नाही.

दोष म्हणावा, तर तो कारागिराचा नसतो. साध्या घडीच्या चाकूत पाते उघडे राहते ते मुठीतील पोलादी पट्टीच्या दाबामुळे, आणि पाते उघडताना नखाला जो विरोध होतो, तो त्याच दाबाचा. दाब कमी केला तर चाकू सहज उघडेल, पण काम करताना पाते बोटांवर मिटण्याचा धोका वाढेल. चांगल्या कारखानदाराचे कसब हा तोल साधण्यात असते.

दुसरी तक्रार वजनाची, आणि ती फार जुनी आहे. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली स्वित्झर्लंडमधील ईबाख या गावी चाकूंचा कारखाना काढला. १८९१ मध्ये त्यांनी स्विस सैन्याला शिपायांचा चाकू पुरविला. त्यात पाते, आरी, डबा फोडण्याचे हत्यार आणि स्क्रू-ड्रायव्हर होता. सैन्याची नवी रायफल उघडण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हरची गरज पडे. चाकू दणकट होता, पण जड. मग एल्सनर यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका, देखणा चाकू तयार केला. त्यात एक छोटे पाते आणि बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री काटा वाढविला, तरी आतील पोलादी पट्ट्या दोनच ठेवल्या. १२ जून १८९७ रोजी या रचनेची नोंदणी झाली. हा चाकू सरकारी सामग्रीत नव्हता. अधिकाऱ्यांना तो पदरचे पैसे मोडून घ्यावा लागे, आणि त्यांनी तो आवडीने घेतला. सरकारातून मिळालेले ओझे माणूस निमूटपणे वाहतो. स्वतः पैसे मोजताना मात्र तो वस्तू तळहातावर तोलून पाहतो.

पुढे याच घराण्याच्या ‘व्हिक्टोरिनॉक्स’ने (संस्थापकांच्या आईचे नाव व्हिक्टोरिया, आणि न गंजणाऱ्या पोलादाचा ‘इनॉक्स’) ‘स्विस-चॅम्प’ नावाचा ३३ कामे करणारा चाकू काढला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला. मिटलेली लांबी अवघी ९१ मिलिमीटर, पण वजन १८५ ग्रॅम! भेट म्हणून द्यायला तो शोभतो. सदऱ्याच्या खिशात मात्र तो खिसाच खाली ओढतो. अवजारे वाढली की मूठ जाड होते आणि जाड मुठीने सफरचंद सोलणेही अवघड जाते, हे पुष्कळांना घरी आल्यावर उमगते.

फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतात १८९० च्या सुमारास जन्मलेल्या ‘ओपिनेल’ चाकूची अडचण अगदी निराळी. लाकडाची मूठ, एक पाते, आणि १९५५ पासून पाते जागच्या जागी धरून ठेवणारे फिरते कडे. एवढाच त्याचा संसार. परंतु लाकूड दमट हवेत फुगते आणि पाते मुठीत घट्ट अडकते. मुठीचे मागचे टोक टणक जागी आपटून पाते बाहेर काढण्याची सॅव्हॉयवासीयांची हातोटी प्रसिद्ध आहे. कोकणातील आषाढ-श्रावणात या चाकूचे काय होईल, हे सांगायला नको. त्याचे साध्या पोलादाचे पाते लिंबू वा कैरी कापताच काळवंडते. ज्यांच्या घरी लोखंडी विळी होती, त्यांना हे नवे नाही. ती पुसून कोरडी ठेवण्याची शिस्त घरोघरी होती. नव्या गिऱ्हाइकाला मात्र काळा डाग म्हणजे फसवणूक वाटते. न गंजणारे पातेही याच चाकूत मिळते, हे विक्रेत्याने वेळीच सांगायला हवे.

खटका हा आणखी एक वादाचा विषय. उघडलेले पाते पक्के बसविणारा खटका बोटे वाचवितो. तरीही ब्रिटनमध्ये त्याच्यामुळेच गिऱ्हाईक बिचकते, कारण तेथे सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो तो बिनखटक्याचा, तीन इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू. एका हाताने उघडणाऱ्या आणि खटका असलेल्या चाकूवर जर्मनीने २००८ मध्ये असेच निर्बंध घातले. नेमका त्याच वर्षी स्विस सैन्याने निवडलेला नवा चाकू एका हाताने उघडणारा व खटक्याचा होता! आपल्याकडे खटक्याचा आवाज म्हटला की हिंदी चित्रपटातील खलनायक आणि त्याचा रामपुरी आठवतो. फळे कापण्यासाठी चाकू हवा असलेल्या गृहस्थाला तो आवाज नकोसाच वाटतो.

सर्वांत मोठी नापसंती मात्र खुद्द पात्याच्या वाट्याला आली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानात सोबत चाकू नेण्यास बंदी झाली आणि विमानतळांवरील दुकानांतून घडीचे चाकू नाहीसे झाले. प्रवासात भेट म्हणून चाकू घेणारे गिऱ्हाईक व्हिक्टोरिनॉक्सने एकाएकी गमावले. घड्याळे आणि प्रवासी सामान यांवर कंपनीने भर दिला, २००५ मध्ये ‘वेंगर’ ही जुनी प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. बिनपात्याचे नमुनेही तिने बाजारात आणले. भारतातही चाकू हातातील पिशवीत चालत नाही. तो विमानात चढण्यापूर्वी सोपवायच्या मोठ्या सामानातच ठेवावा लागतो. तपासणीच्या टेबलावर आवडता चाकू सोडून आलेला माणूस दुसरा घेताना दहा वेळा विचार करतो.

संस्थापकांचे पणतू आणि कंपनीचे प्रमुख कार्ल एल्सनर यांनी २०२४ मध्ये जाहीर केले, की पाते नसलेल्या खिशातील अवजारांवर काम सुरू आहे. सायकलस्वार, गोल्फ खेळणारे अशांना अवजारे हवी असतात, पाते हवेच असे नाही. १८९१ च्या चाकूत पात्याला सोबत म्हणून आलेल्या स्क्रू-ड्रायव्हरला अशा अवजारात पहिले स्थान मिळेल.